दाजींचं लिंबू

आमच्या दाजींची अक्कल सांगतो, ऐका. माणूस दहावीला विज्ञान शिकवतो बरं का! त्यांच्या जुन्या डिझेल गाडीत रोज लिटरभर पाणी ओतावं लागायचं. गॅरेजला न्या म्हटलं, तर म्हणाले, "गाडीला नजर लागलीय, दुसरं काय न्हाय." आणि गाडी घेतल्यापासून चालत आलं तसं दर शनिवारी पुढच्या जाळीत तार खुपसून नवी लिंबू-मिरची बांधायचे.

शेवटी अकलूजच्या रस्त्यावर इंजिन तापून गाडी बंद पडली, तेव्हा कुठं मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जाळी काढली. लिंबाच्या तारेचं टोक थेट रेडिएटरमध्ये घुसलेलं आणि तिथूनच पाणी गळत होतं.

मिस्त्री म्हणाला, "सर, हे भोक तुमीच पाडलंय की."

दाजी लिंबाकडं बघून म्हणाले, "बगा, हे बांधलं होतं म्हणून रेडिएटरवर भागलं. न्हायतर इंजिनच गेलं असतं!"