फिरता प्याला

बिश्केकच्या थांब्यावर बस येता येत नव्हती. नाजिराने स्वतःसाठी घेतलेली व्होडकाची बाटली वाजू नये म्हणून पिशवी पोटाशी धरली होती. शेजारी सापार आणि बुरुल, नवराबायको, दबक्या आवाजात भांडत होते.

“आज चर्चला नको, बुरुल.”

“आता काय? पोट की डोकं?”

“आज प्रभुभोजन आहे. वाइनचा एकच प्याला सगळ्यांच्या हातून फिरतो. नुसत्या वासानेही माझं काही खरं नाही.”

“आठ महिने झाले की दारू सोडून!”

“आठच. काल चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून आलो.”

“ओरडले?”

“नाही. म्हणाले, आज प्याल्यात द्राक्षाचा साधा रस ठेवतो. सगळ्यांनाच. आणि का ठेवला, ते तू उभा राहून सांग.”

“अगं बाई! सगळ्यांसमोर?”

“म्हणून तर आज नको म्हणतोय. हात बघ माझा.”

“कापू दे. पण तुझ्या एकट्यासाठी एवढं?”

“मीही तेच म्हणालो. तर म्हणाले, ‘एकट्यासाठी कुठे? चौदा वर्षं तो प्याला उचलताना माझा हात कापतोय. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. प्रभूकडे ताकद मागत राहिलो, आणि त्याने तुझा हा कापरा हात पाठवला.’”

बस आली.

“चल, ऊठ,” बुरुल हळूच म्हणाली.

“ताई, तुम्ही चढताय ना?” सापारने नाजिराला वाट करून दिली.

नाजिरा जागची हलली नाही.

“तुमच्या त्या चर्चमध्ये,” तिने विचारलं, “पिशवी बाहेर ठेवता येते का?”