शाळेच्या गाडीचे ब्रेक

वाहन तपासणी केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे शाळेची व्हॅन होती. व्हॅनवाला केंद्र चालवणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ निघाला.

“मी जेवायला गेले की नेमकी तुझीच गाडी कशी येते रे?”

“योगायोग, ताई.”

“ब्रेक कुणी तपासले?”

“तुझ्याच माणसाने. पास म्हणाला.”

“मशीनवर घेऊन?”

“त्याला नुसतं बघून कळतं. हे केंद्र उभं करताना मी तुझ्याबरोबर राबलो, आणि आता माझ्यावरच संशय घेतेस?”

“राबलास, म्हणूनच तुला सगळ्या वाटा ठाऊक आहेत. तुझी छकुली याच गाडीतून शाळेत जाते ना?”

“छकुली? नाही, तिला मी स्कूटरवरून सोडतो.”

“का?”

“असंच.”

“किल्ली दे इकडे.”