मेंढरांची वाट

माझं कुणी खरं मानलंच न्हाई, बघा. टेकडीवर बंगले व्हणार म्हणून सरकारी साहेब बिल्डरसंगं पाहणीला आले, तवाच मी म्हणले, "साहेब, ही मेंढरांची वाट हाय. कंपाउंड घातलं तर आमची मेंढरं घोड नदीवर पाण्याला जायची कुठनं?"

बिल्डर हसला. "मावशी, इथं कुठं वाट दिसती?"

"थांबा की. दिसंल."

दुपारी दीर मेंढरं घेऊन पाण्याला निघाला. अख्खा कळप साहेबांसाठी घातलेल्या मांडवातनं, त्यांच्या खुर्चीला घासून गेला. म्होरला एडका साहेबांसाठी आणलेला हार खात उभा राहिला.

साहेब हसून म्हणाले, "वाट सोडूनच बांधा."

बिल्डर दिरावर खेकसला, "इकडनं कुणी आणली ही मेंढरं?"

दिरानं हार चघळणाऱ्या एडक्याकडं बोट केलं.

"सुलतान्यानं."