‘गाडी!’

कॅनडातल्या विनिपेगजवळच्या एका गावात, नगरपालिकेच्या रांगेत पुढच्या दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकून आयरीनने कान टवकारले.

“ऑर्विल, तू इथे कसा रे?”

“तक्रार मागे घ्यायला. पोरांच्या हॉकीची.”

“म्हणजे गल्लीतला खेळ तूच बंद पाडलास होय!”

“मीच. चेंडू सारखा माझ्या गॅरेजच्या दारावर आपटायचा.”

“मग आता काय बिघडलं? मिळाली ना शांतता?”

“मिळाली की. पण वॉल्ट, पूर्वी माझी गाडी कोपऱ्यावर वळली की सगळी पोरं ‘गाडी!’ म्हणून ओरडायची. गोलाची जाळी बाजूला ओढायची, काठ्या उंचावून मला वाट द्यायची.”

“वैताग नुसता!”

“आता मी घरी आलो, हे कुणाला कळतच नाही.”