हंगामापुरती गाडी

हॅलो?… हॅलो… कोन? मंजे, तू हायेस व्हय. थांब जरा, हाताला राख हाय… कोयते घासायलेय गं. आज खंडेनवमी न्हाई का?… हां, विसरलीस. तिकडं जपानात तुला कोन सांगंल. सत्यमचा, सुनिताचा, दोघांचे कोयते घासून दारात मांडलेत. उद्या दसरा, पूजा झाली की चार-आठ दिसात ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येतो… न्हाई, मी न्हाई जात औंदा. गुडघे कुठं चालतेत माजे. तुजे अप्पा बी न्हाई. तुजा भाऊ-भावजय दोघंच. लेकरं आमच्यापाशी.

तू जेवलीस का?… भात. बरं, भात तर भात. आज सुट्टी हाय का, ह्या टायमाला फोन केलास?… हां… हां… बोल की मग.

काय घ्यायलीस?… स्कूटी?

दमानं सांग. तुज्यासंगं कामाला हाय ती पोरगी, फिलिपिन्सची. ती चालली तिच्या घरी. बरं. तिची गाडी ती तुला द्यायली… अगं पन सायकल हाय ना तुला?… चढ हाय. हो, हो… अगं ऐक ना. चढ हाय तर उतरायचं, ढकलायची. आपन काय कमी ढकलल्यात सायकली?… बस?… संध्याकाळी बसच न्हाई. एवढा मोठा देश आन बस न्हाई? तू काम करतीस त्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना भेटायला कोनी येत न्हाई का मग?… येत न्हाईत. बरं, ऱ्हाऊ दे ते.

काय आडवं आलं म्हनलीस?… रानडुक्कर? तिकडं बी?… अहो, ऐकलं का, पोरगी म्हनती जपानात रानडुकरं हायेत. तिच्या सायकलीच्या म्होरं उभं ऱ्हायलं म्हनं… मंजे, अप्पा म्हनतेत फटाके लाव. आपल्या मकात लावतेत तसे… न्हाई लावत का तिकडं. बरं, बरं. न्हाई लावत म्हनती हो. तुमी फुलांच्या माळा करा.

मला इचारशील तर न्हाई पटत बग. शेजारच्या युवराजच्या स्कूटीवर शिकलीस तवा काय केलंस, आठवतं का? उमापूरची एवढी वाट मोकळी पडलीती, ती सोडून राधाकिशनभाऊच्या कडब्याच्या गंजीत घुसलीस. आख्ख्या गल्लीनं तुला पायाला धरून ओढून काढलं… लहान असशील, पन गाडी तर आशीच होती ना. अजून राधाकिशनभाऊ भेटला की इचारतो, पोरगी ब्रेक मारायला शिकली का… हसू नको. मी खरं सांगायलेय.

तीस?… तीसच्या वर पळवायचीच न्हाई? आसं कोन म्हनलं?… सरकार. हे बरंय की मग. आपला सत्यम तर पानी आनायला फाट्यावर जातो तरी ऐंशीनं जातो… आन लायसन?… परीक्षा दिलीस? कवा?… आन मला सांगितलं न्हाईस. जपानीत दिलीस?… पास झालीस?… अहो, पोरगी पास झाली… गाडीच्या परीक्षेत… व्हय, त्यांच्या भाषेत… मंजे, अप्पा इचारतेत रंग कंचा हाय… आकाशी. आकाशी म्हनती. चांगला हाय. काळा नसला म्हंजे झालं.

बरं, कुंकू हाय का तुज्यापाशी? मी लोनच्यासंगं पुडी दिलती… हाय ना. मग गाडी दारात आली की आधी कुंकू लाव, मगच बस. नारळ न्हाई मिळाला तर चाकाखाली लिंबू ठेव… घरमालकीन काय म्हनंल? तिला बी कुंकू लाव, म्हनंल ते म्हनंल.

पन एक इचारू मंजे… राग नको मानू. तू चैत्रात येनार ना? पाडव्याला. मग आता गाडी कावून घ्यायलीस? दसरा गेला, की दिवाळी. दिवाळी गेली, संक्रात आली, की पाडवा आलाच. ह्या एवढ्याशा दिसासाठी गाडी?

आं?… गाडीचे पैशे न्हाई इचारत मी, तुज्या येन्याचं इचारायलेय.

बोल ना माय.

…बग, आमी हंगामाला जायचो तवा काय न्यायचो? ताडपत्री, तवा, पिठाचा डबा, कोयता. गाठोड्यात बसंल आन परत येईल तेवढंच. हंगामाला गेलेला मानूस तिथं कपाट घेत न्हाई. गाडी तर न्हाईच घेत. म्हनून इचारायलेय. मला कळत न्हाई आसं समजू नको.

ऱ्हायचंय? आजून किती?… पाच. पाच महिने का?

…वर्सं.

काय न्हाई हो, गाडीचंच सांगायली. माळा झाल्या का?… मग परसातली अजून थोडी फुलं तोडा की. ट्रॅक्टरवाल्याला बी लागतील. जा बरं तुमी… थांब मंजे, गोठ्याकडं जाते मी. हितं समदे कान देऊन बसलेत.

हां. बोल आता. नव्या करारावर सही केलीस का?… न्हाई केली. उद्या करायची हाय. मला इचारल्याबिगर करनार नव्हतीस. मग आधी हे सांगायचं, गाडीचं कावून काढलंस?… हां… हां. गाडीचं बोलता बोलता माज्या ध्यानात येईल, तुला म्हनावं लागनार न्हाई. लई शानी झालीस.

वाईट वाटलं का म्हंजे? वाटलं. लई वाटलं. तुज्यापाशी खोटं कशाला बोलू. चैत्रात मंजी येती म्हनून आख्ख्या गावाला सांगून बसलेय मी. दिंद्रुडचे पाव्हने तुला बगायला थांबलेत. काल-परवाच तेलगावच्या मावशीला म्हनले, औंदा पुरनपोळी लेकीच्या हातची खानार… दावनीपाशी टेकलेय.

न्हाई, तू सांग. का ऱ्हायचंय ते सांग… मोठी परीक्षा दिली की कायमची नर्स करतेत. बरं… आन ती म्हातारी. तीच का, जी कुनाच्या हातनं जेवत न्हाई? तुज्याच हातनं घास घेती. नाव घेती तुजं?… मंजुसा म्हनती. म्हनू दे, तिच्या तोंडात तसंच बसत असंल… आन? आजून काय?… मोठ्यानं बोल की.

तुला तिथं बरं वाटतं.

आसं. मग हे आधी म्हनायचं ना गं. बरं वाटतं, ही काय लपवायची गोष्ट हाय? लेकीला कुठं बरं वाटत असलं तर आईनं काय दार लावून घ्यायचं?

काय म्हनलीस?… नको, नको. एकदम आसं नको करू. सही बी नको, गाडी बी नको, येते म्हनतीस? मला वाईट वाटलं म्हनून?… अगं ऐक ना… मंजे, रडू नको. रडत बोललीस की मला कळतच न्हाई काय म्हनतीस. नाक पूस. पूस आधी.

मला एक सांग. खोलीत कपाट हाय का?… हाय. मग कपडे कपाटात असतील… बॅगेत? दोन वर्सं झाली आन कपडे आजून बॅगेत?… ताटं किती हायेत?… एक. आन कोनी जेवायला आलं तर?… कोनी येत न्हाई. कावून येईल, ताट एकच म्हनल्यावर. खिडकीला पडदा?… न्हाई. तोंडावर ऊन येत असंल की सकाळी… येतं. मग का न्हाई लावला?

जायचंच हाय म्हनून.

ऐक.

छबुबाई आठवती का तुला? आपल्या टोळीतली, म्हाळूची बायको. ठेंगनी, कपाळावर हे एवढं गोंदन… तीच. तुमाला आजीपाशी सोडून आमी जायचो, तिची लेकरं बी तशीच मागं ऱ्हायची. आमी कारखान्याच्या तळावर उतरलो की समद्यांची घाई कोप्या उभ्या करायची. अंधार पडायच्या आत पाचट टाकायचं, ताडपत्री ताणायची. ही बाई काय करायची, आधी पदराची गाठ सोडायची. धने, मेथी. कोपीच्या मागं, जिथं मोरीचं पानी जाईल तिथं माती भुसभुशीत करून टाकायची. आमी हसायचो. म्हनायचो, छबे, पाव्हन्याच्या दारात कोन शेती करतं? आपल्याला परत जायचंय. ती म्हनायची, जायचंय तवा जाऊ, आज तर हितंच हाव ना.

आमचं रोज मिरचीचं तिखट आन भाकर. तिच्या ताटात हिरवी भाजी. आमाला बी द्यायची गं. आमी खायचो आन दुसऱ्या साली परत हसायचो.

मी किती हंगाम केले, मोजले न्हाईत. निम्मं वर्स तिकडं, निम्मं हिकडं. म्हंजे निम्मं आयुष्य मी त्या तळावर ऱ्हायले, व्हय ना? आन तेवढ्या दिसात एक चूल बी नीट घातली न्हाई मी. तीन दगड मांडले, भाकरी थापल्या. लिंपन न्हाई, रांगोळी न्हाई. आपलं घर उमापूरला हाय, हितं काय, दिवस काढायचेत. निम्मं आयुष्य नुसतं काढलं मंजे. छबुबाई त्याच तळावर, त्याच थंडीत, जगली.

तुला हे माज्याकडनंच लागलं बग. बॅगेतनं कपडे घालायचं. मी तुला शिकवलं न्हाई, पन माजं गाठोडं बगूनच तू मोठी झालीस. तवा ते आता सोड. तुजा हंगाम न्हाई हा.

सही कर… हो… माज्याच तोंडानं म्हनायलेय ना मी, तर कर. मनापासून का? मनापासूनचं मला बी आजून ठावं न्हाई. पन कर. उद्या दसरा हाय, चांगला दिवस हाय… दिंद्रुडच्या पाव्हन्यांना मी निरोप देते. थांबले तर थांबले, न्हाई तर त्यांच्या पोराला काय पोरी कमी हायेत? तुला वाटंल तवा तू सांग, मंग बगू… दर वर्साला सुट्टी देतेत ना?… देतेत. मग येशील की. आन आज फोन ठेवला की आधी ती बॅग रिकामी कर. पलंगाखाली सार. पडदा घे, ताटं घे चार.

हां, गाडी बी घे. मी कुठं नको म्हनायलेय… आकाशीच घे. पन थांब. त्या गाडीवर किती मानसं बसतेत?

एकच? आन मागं कोनी बसलं तर?… पोलीस धरतो. मग ती नको… अगं ऐक ना, ती नको घेऊ. दोघं बसतील आशी मिळती का तिकडं?… मिळती. मग तसली बग… तिचं लायसन येगळं? परीक्षा येगळी? मग दे की. एक दिलीस, दुसरी दे. तवर सायकल ढकल, डुकराला वाट दे.

मागं कोन बसनार म्हंजे काय? मी बसनार.

…हसायलीस का रडायलीस, ते तरी कळू दे.

व्हय, येते की मी. इमानाला काय भ्यायचं? ट्रकात गाठोड्यांच्या ढिगावर बसून, मांडीवर तान्ह्या सत्यमला धरून रात-रात गेलेली बाई हाय मी. इमानात तर बसायला खुर्ची असती… लेकरांचं? सत्यम-सुनिता पावसाळ्याला घरी असतेत ना. ते परत आले की मी निघनार. समद्यांचा हंगाम संपला की माजा सुरू. तुज्या त्या म्हातारीला बगायचंय मला. मी भरवला तर घास घेती का, बगते… घेईल, न घ्यायला काय झालं. आन धने आनते येताना. खिडकीत टाकू.

गुडघ्याचं काय त्यात? गाडीवर बसूनच तर जायचंय.

अप्पाला?… न्हाई, तू नको. तुज्याच्यानं न्हाई व्हायचं, फोनवर दोघं बी गप ऱ्हाताल, मग मलाच मधी यावं लागंल. मी सांगते… नंतर कशाला, आत्ताच सांगते. फुलं घेऊन यायलेत बग, परसाच्या दारातून… रागावतील थोडं. जेवायचे न्हाईत एक येळ. मी बगते त्यांचं.

जा, जेव तू. भात गार झाला असंल… हो… हो गं… बॅग आधी… ठेवते.

अहो… ती फुलं ठेवा त्या सुपात. हिकडं या, माज्यापाशी… काय न्हाई झालं, पोरगी बरी हाय. बसा तर आधी.

मंजीला मी पाच वर्सं दिली.