म्हशीचं अंडं आणि रामाचा शेला

मंडळी, रामजन्माच्या पाळण्याला अजून थोडा वेळ आहे. तोवर मला एक सांगा — देवाच्या कामासाठी खोटं बोललं, तर चालतं का? हं! पुढचे म्हणाले 'नाही', मागचे नुसतेच हसले. मागच्यांना व्यवहार कळतो!

तर ऐका. नांदरखेड्यात मार्तंड कोष्टी राहायचा. दिवसभर बाजारासाठी पांढरी धोतरं विणायची, आणि ती संपली की स्वतःच्या हौसेचं विणायचं! एका साली त्यानं रामाच्या पाळण्यावर घालायला शेला विणला. काठाला कमळं! एक पाकळी वाकडी आली, की आख्खा काठ उसवायचा! आता राहिला रंग. निळा, भरल्या मेघासारखा. आणि मनात काय? 'राम बघेलच हो... पण गावानं बघावा!'

आता नीळ म्हणजे काय साधी? माठात आंबवायची, ऊब द्यायची, सुनेच्या डोहाळ्यांसारखे लाड करायचे! अष्टमीच्या सकाळी मार्तंडानं चिंधी बुडवून पाहिली, तर — राखाडी! पुन्हा झाकण काढलं, पुन्हा बुडवली — राखाडी!

त्याची म्हातारी गयाआत्या, जन्म निळीत गेलेला. म्हणाली, "माठ रुसलाय, मार्तंडा. गावात थाप सोड."

"थाप?"

"जुनी रीत आहे. माठ बिघडला की एक सणसणीत अफवा उठवायची. लोक जितका विश्वास ठेवतील, तितका रंग चढतो."

"आत्या, उद्या रामजन्म! आणि मी खोटं बोलू?"

"मग घाल राखाडी शेला. देवाला सुतक आहे म्हणून सांग!"

काय करतो बिचारा! गेला पुजारी गुंडोपंतांकडे. "पंत... पाटलांच्या म्हशीनं अंडं घातलं. कुणाला सांगू नका हं!"

'कुणाला सांगू नका' — मंडळी, याहून मोठी दवंडी आहे का? संध्याकाळी अंडी दोन झाली. सकाळी त्यातलं एक फुटलं, आणि आतलं रेडकू चिवचिवताना एकानं स्वतःच्या कानांनी ऐकलं!

नवमीला मार्तंडानं झाकण काढलं. वर तांब्यासारखी साय! शेला बुडवला, बाहेर काढला — हिरवा! मार्तंड तो परत माठात कोंबायला निघाला. आत्या म्हणाली, "थांब. वारा लागू दे." आणि डोळ्यांदेखत हिरव्याचा झाला निळा! पुन्हा बुडव, पुन्हा वाळव... इकडे देवळापुढच्या दीपमाळेची सावली आखडत चालली. माध्यान्ह आली! ओला शेला खांद्यावर टाकून मार्तंड धावला.

देवळात — कुणी नाही! बाळरामाच्या जागी कुंची घातलेला नारळ, तो तबकात एकटा. पुजारीसुद्धा नाही! जन्माची वेळ, आणि गाव कुठे? पाटलांच्या गोठ्यावर! माणसं छपरावर, पाटील काठी परजतायत, म्हैस डोळे पांढरे करून हंबरतेय, आणि गुंडोपंत सोवळ्यात — म्हशीला हळदकुंकू लावतायत!

मार्तंड गव्हाणीवर चढला. "अहो, खोटं आहे! मीच उठवलं! माझा माठ बिघडला होता, थापेनं रंग चढतो म्हणून!"

पंतांनी त्याचे निळे हात बघितले. "अस्सं! माठ बिघडलाय, म्हणून 'अंडं नाही' अशी अफवा उठवतोस होय? तुझ्या रंगापायी आम्ही दर्शन चुकवायचं?"

पाटील ओरडले, "अरे, म्हैस माझी! मी सांगतोय, अंडं नाही!"

छपरावरून आरोळी उठली, "लपवलं! पाटलांनी अंडं लपवलं!"

झालं! सावली आता दीपमाळेच्या बुंध्याशी. मार्तंड उलट्या पावली पळाला. नारळ पाळण्यात ठेवला, वर शेला पांघरला, दोरी ओढली. फाटक्या आवाजात एकटाच गायला — जो जो रे बाळा! दारात फक्त आत्या.

"आत्या, एवढं पाप केलं, रंग आला... आणि बघायला कुणी नाही गं!"

"थापेनं कुठं रंग येतो, येड्या? मी माठात गूळ घातला, घोंगडी गुंडाळली. तू सारखा झाकण काढत होतास. माठातल्या निळीला वारा सोसत नाही. तुला माठापासून हाकलायचं होतं!"

"म्हणजे मी खोटं... उगीचच बोललो?"

"ते आता गावाला विचार. दोरी थांबवू नकोस, बाळ रडेल."

निळ्या हातांनी डोळे पुसत मार्तंड दोरी ओढत राहिला. ज्याच्यासाठी विणला, तो एकटाच शेल्याखाली होता.

मंडळी, खोटं सोडायला एक तोंड पुरतं. परत बोलवायला अख्खं गाव पुरत नाही! आणि तुम्ही? मी इतका वेळ शेल्याचं सांगतोय, पण घरी जाऊन काय सांगाल? म्हशीचं! खरं की नाही? — अहो, ते मागचे तिघे कुठं निघाले? बसा! गोठ्यात काही नाही! सूर्य डोक्यावर आलाय. या इकडे, दोरीला हात लावा. आज तरी रामाला एकटं जन्माला येऊ देऊ नका!