बोलावणं एकाच पालकाला

लेक : आई, तुला दिवसभर नुसतं बसून राहण्याचा पगार मिळतो का?

आई : काय म्हणालीस?

लेक : माझा प्रश्न नाही गं! मैत्रिणींनी पैज लावलीय, विचारून दाखव म्हणून. तुझा गॅसवरचा वीजप्रकल्प म्हणे दिवसा बंदच असतो.

आई : त्यांना हे कुणी सांगितलं?

बाबा : अं... हिच्या शाळेची सहल आली होती ना माझ्या सौर प्रकल्पावर. एकीने विचारलं, काकू काय करतात? म्हटलं, ऊन असेपर्यंत आराम!

आई : आराम? पोरींच्या देखत?

बाबा : गंमत केली गं.

आई : तुला काय, सुचणारच गमती. तुझ्याकडे सहली येतात, फोटो निघतात. माझ्या दाराशी कुत्रं फिरकत नाही.

बाबा : बघ पोरी, कसं पोटात दुखतंय आईच्या!

आई : हो, दुखतंय! ऊन कललं की तुझी पॅनेलं माना टाकतात. नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. कोळशाच्या प्रकल्पाचं धूड तापायला तासन्‌तास घेतं. मग फोन कुणाला? मला! माझं टर्बाइन काही मिनिटांत धावायला लागतं. ते धावावं म्हणून दिवसभर त्याचे वॉल्व्ह, तेल, दाब बघत बसते मी. हा आराम?

लेक : मग दिवसाही का नाही चालवत?

आई : गॅस महाग, राणी. ऊन फुकट मिळत असताना तो कशाला जाळायचा? अडीनडीलाच काढायचा.

बाबा : आणि अडीनडीचं श्रेय मात्र हिला! परवा ढग आले, माझी वीज धपकन उतरली. वीजमंडळाच्या साहेबांनी फोन करून शाबासकी कुणाला दिली? हिला! सकाळपासून राबलेल्या माणसाला एक शब्द नाही.

लेक : अय्या! बाबा, तुमच्याही पोटात दुखतं?

बाबा : दुखतं म्हणजे... जरासं. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

लेक : पण परवा आमच्या वर्गातले पंखे तर चालूच होते.

आई : चालू राहिले, म्हणून तर तुम्हाला काही कळलं नाही.

लेक : आई, एक सांगू? शनिवारी शाळेत 'आपली वीज' असा कार्यक्रम आहे. बाईंनी एकाच पालकाला बोलावलंय. मी बाबांचं नाव दिलं.

आई : माहितीये. त्याचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

लेक : मग बोलली का नाहीस?

आई : काय बोलू? एवढीशी होतीस तेव्हापासून बाबाचं बोट धरून पॅनेलांमधून पळतेस. वाटायचं, एकदा तरी म्हणशील, आई, मला तुझं टर्बाइन बघायचंय. स्वतःच्या नवऱ्याचा हेवा करायचा, तोही लेकीवरून. लाज वाटते गं सांगायला.

बाबा : अगं, इतकं मनाला लावून घेतलंस?

(लेक खुर्ची ओढून दोघांच्या मधोमध बसते.)

लेक : हे बघा, मी ठरवलंय, आणि आता कुणी मध्ये बोलायचं नाही. उद्या बाईंना सांगणार, शनिवारी माझी आई बोलणार. बाबा, तुम्ही मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसा. तिला टाळ्या पडायला लागल्या आणि अगदीच सहन होईना, तर माझा हात धरा.